नदी नसलेल्या गावातून पाहिलेला पाण्याचा इतिहास

(द्वितीय वर्ष, कला)

प्रथम वर्षाला असताना इतिहासाच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिले होते, की जगातील आद्य संस्कृती मोठ्या नद्यांच्या काठी उदयास आल्या. नाईल, युफ्रेटिस, तैग्रिस, सिंधू ही नावे आम्ही वहीत उतरवून घेतली. मी खेड्यातून आलेली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रश्न विचारावा की नाही हेही मला त्या वेळी नीट कळत नव्हते. तरी तोंडातून निघून गेले, "सर, ज्या गावाला नदीच नाही, त्या गावाने काय करायचं?"

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर तूच शोध आणि अंकासाठी लिहून दे." ते उत्तर शोधण्यात वर्ष गेले. जे सापडले ते येथे माझ्या अल्पमतीप्रमाणे मांडीत आहे.

मूठभर गोडे पाणी

पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला आहे हे आपण भूगोलात शिकतो. परंतु त्यातील सुमारे साडेसत्त्याण्णव टक्के पाणी खारे आहे. उरलेल्या अडीच टक्के गोड्या पाण्यापैकी दोन तृतीयांशाहून अधिक पाणी बर्फाच्या रूपाने गोठलेले आहे आणि जवळजवळ तीस टक्के जमिनीच्या पोटात आहे. नद्या आणि सरोवरे यांत जे आपल्या डोळ्यांना दिसते ते गोड्या पाण्याचाही अगदी अल्प भाग, म्हणजे एक टक्क्याहून कमी होय. माणसाची शेती, गुरेढोरे, गावे, नगरे आणि राज्ये ही सर्व या अल्पशा पाण्यावर आणि जमिनीत मुरलेल्या पाण्यावर उभी आहेत. म्हणून पाण्याचा इतिहास हा टंचाईचा इतिहास आहे आणि जेथे टंचाई असते तेथे वाटणीचा प्रश्न आल्यावाचून राहत नाही.

नदीकाठचे धडे

नदी मिळाली म्हणजे संस्कृती आपोआप निर्माण होते, अशी माझी समजूत होती. ती वाचनाने दूर झाली. ईजिप्तमध्ये नाईलला उन्हाळ्याच्या अखेरीस पूर येई. शेतकरी बांध घालून शेतांचे मोठमोठे वाफे करीत, पुराचे गढूळ पाणी त्यांत काही आठवडे कोंडून ठेवीत, जमीन भिजली आणि गाळ बसला की पाणी पुढे सोडून देत आणि मग पेरणी करीत. पूर पेरणीच्या आधी येई, आणि ओसरताना जमिनीतील क्षार बरोबर घेऊन जाई. त्यामुळे तेथील शेती हजारो वर्षे टिकली. १९७० साली आस्वानचे उंच धरण पूर्ण झाल्यावर हा वार्षिक पूर थांबला.

मेसोपोटेमियाची गोष्ट निराळी. तेथे नद्यांना पूर येई तो वसंतात, पीक कापणीला येण्याच्या सुमारास. म्हणून पूर अडविण्यासाठी बांध आणि नंतर पाणी आणण्यासाठी कालवे अशी दुहेरी मेहनत सुमेरच्या लोकांना करावी लागली. जमीन सपाट, पाण्याचा निचरा कमी आणि ऊन प्रखर. पाणी उडून जाई, क्षार मागे राही. हळूहळू दक्षिणेकडील पुष्कळ जमिनी खारावल्या. आपल्याकडे कालव्याखालच्या काही शिवारांत जमीन चोपण होते, पांढरी पडते, तीच ही गोष्ट. अति पाणीही जमिनीला मारते हा धडा चार हजार वर्षांहून जुना आहे.

तेथेच पाण्यावरून झालेल्या भांडणाची फार जुनी लेखी नोंद मिळते. लगाश आणि उम्मा या दोन शेजारी नगरराज्यांत सीमेवरची शेते आणि त्यांना पाणी देणारे कालवे यांवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर चालले. इ. स. पूर्व २५०० ते २४०० या काळातील ही हकीकत मातीच्या शंकूंवर कोरून ठेवलेली आहे. पुढे इ. स. पूर्व अठराव्या शतकात बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने जे कायदे शिळेवर कोरविले, त्यांत एक कलम असे आहे, की एखाद्याने आळस करून आपला बांध दुरुस्त केला नाही आणि तो फुटून दुसऱ्याचे शेत बुडाले, तर नुकसान झालेले धान्य त्याने भरून द्यावे. हे वाचून मला आमच्या गावातील बांधाची भांडणे आठवली. बांध माझा असला तरी पाणी एकट्या माझे नसते, हे तत्त्व त्या राजाला उमगले होते.

नदी दुर्बळ असताना

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे वळते. मोहेंजोदडो हे सिंधूच्या काठचे नगर. तेथील चौकोनी विटांचे महास्नानगृह प्रसिद्धच आहे. परंतु संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे त्या एका नगरात सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात. नदी उशाला असूनही त्या लोकांनी घरोघरी आणि आळोआळी विहिरी बांधल्या.

त्याहून मला नवल वाटले ते धोलावीराचे. हे सिंधू संस्कृतीचे नगर कच्छच्या रणातील खदीर बेटावर आहे. भोवती खारट जमीन आणि जवळ बारमाही नदी नाही. मनसर आणि मनहर हे दोन ओढे, तेही पावसाळ्यापुरते वाहणारे. तेथील लोकांनी ओढ्यांवर बांध घातले, वाहते पाणी वळविले आणि तटबंदीच्या आत मोठमोठे जलाशय खोदून त्यांत साठविले. एक जलाशय तर खडक फोडून केलेला आहे. १९९० पासून तेथे पुरातत्त्व खात्याने विस्तृत उत्खनन केले आणि २०२१ साली या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ज्या गावाला नदी नाही त्या गावाने काय करावे, याचे उत्तर धोलावीराने साडेचार हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते!

महाराष्ट्राचा विचार केला तर आपली भूमी बहुतांशी काळ्या कातळाची. पाऊस चार महिन्यांचा. घाटमाथ्यावर धो धो पडतो आणि पूर्वेला दहा-वीस कोसांत आटून जातो. अशा प्रदेशात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे घोड नदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती होती. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. त्यांना घरे, धान्याची कोठारे, दफने यांबरोबरच पुराचे पाणी वळविणारा पाट आणि त्याचा बांध यांचेही अवशेष मिळाले. पुढे हवामान कोरडे होत गेले, घरे लहान झाली आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती उठली, असे त्यांचे अनुमान आहे. पाऊस रुसला म्हणजे गाव उठते, हे आपल्या मातीत आजचे नाही.

त्यानंतरच्या काळात डोंगर कोरणाऱ्यांनी पाण्याचीही सोय कोरली. मुंबईजवळच्या कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. तेथील खडकावर लहान लहान पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्यांत उतरविलेले आहे. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले असून ती दान दिल्याच्या नोंदी आहेत. नाणेघाटातही वाटसरूंसाठी टाकी खोदलेली आहेत. सातवाहनांच्या काळी कोकणातून देशावर माल येई, तो या टाक्यांच्या आधाराने. पुढे गडकोटांवर तीच विद्या वापरली गेली. ज्या गडावर पाणी नाही तो गड शत्रूवाचूनच पडतो.

वाटणीची विद्या

साठविणे ही एक विद्या आणि वाटणे ही दुसरी. ही दुसरी अधिक अवघड होय.

खडकी हे गाव मलिक अंबरने १६१० साली राजधानी म्हणून वसविले. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या हबशी मुत्सद्द्याने शहरासाठी जमिनीखालून नहर आणली. डोंगरउतारावर मुरलेले पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शहरात खेळविले. मध्ये मध्ये हवेसाठी आणि सफाईसाठी उभे कूप ठेवले. नहरीचे पाणी सार्वजनिक हौदांत पडे आणि तेथून लोक भरून नेत.

धुळे-नाशिक भागातील फड पद्धती ही तर शेतकऱ्यांनी स्वतः चालविलेली व्यवस्था. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर दगडी बंधारे बांधून पाटाने पाणी शेतांकडे नेलेले असे. बंधाऱ्याखालचे क्षेत्र काही फडांत विभागत आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असा नियम असे. ऊस कोणत्या फडात, भुसार कोणत्या फडात हे गावकरी ठरवीत आणि पाळीपाळीने पिके बदलीत. पुष्कळांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर झळ सर्वांनाच थोडी थोडी लागे. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमलेला असे आणि त्याचा मोबदला सर्व मिळून देत. लगाश आणि उम्मा यांना जे साधले नाही ते या अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यांना शेकडो वर्षे साधले.

पाणवठा आणि पहारा

परंतु आपल्या इतिहासाची केवळ गोड बाजू सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जी टाकी, हौद आणि विहिरी आपण अभिमानाने दाखवितो, त्यांतील पुष्कळ ठिकाणी गावातीलच काही माणसांना पाण्याला हात लावण्याची बंदी होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला आणि १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून ठरावही केला. तथापि तळे काही खुले झाले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या लोकांना मारहाण झाली आणि तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. न्यायालयातील वाद दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून रोगाचे मूळ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यात असल्याचे दाखविले. पाण्याला खरोखर काय विटाळते हे शास्त्राने त्या वर्षी सांगितले. आपण मात्र त्यानंतरही कित्येक दशके माणसाच्या हाताने पाणी विटाळते असे मानीत होतो.

हा भाग लिहिताना मी आजीला विचारले, "आपल्या गावात असं होतं का गं?" आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "व्हतं की. खालच्या वस्तीच्या बाया घागरी घेऊन आडापाशी लांब बसायच्या. कुणी वाढलं तर पाणी, न्हाईतर ऊन. मीबी वरून वतायची. पुण्य लागतं म्हणायचे." एवढे बोलून ती उठून आत गेली. पुस्तकात वाचलेला महाडचा लढा त्या दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसला. वरून पाणी ओतणारा हात माझ्याच घरातला होता.

आमचे तळे

आमच्या गावाला नदी नाही, परंतु एक तळे आहे. ते १९७२ च्या दुष्काळातील. त्या वर्षी सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव झाले. याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो १९७९ पासून अमलात आला. आजी त्या वेळी नवी नवरी होती. ती सांगते, "मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली आणि डोईवर माती वाह्यली, तवा हे तळं झालं. तवा समदी एका रांगंत व्हती बघ. पाटी कुणाची हे कुणी इचारलं न्हाई." ज्या आडावर खालच्या वस्तीला हात लावू देत नव्हते, त्याच गावाने तळे मात्र एका रांगेत उभे राहून बांधले.

पाझर तलावाचे मर्म त्याच्या नावातच आहे. त्यातून पाणी उचलायचे नसते. ते जमिनीत मुरते, मुरूम आणि भेगाळलेल्या कातळातून पाझरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. म्हणजे विहीर माझ्या सातबाऱ्यावर असली, तरी तिच्यातील पाणी शंभर जणांच्या डोक्यावरून आलेले असते.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना लेखणी अडखळते. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी कर्ज काढून तळ्याखालच्या रानात बोअर घेतले. पाणी चांगले लागले. एक एकर ऊस केला. त्या उसाच्या पैशातून माझी महाविद्यालयाची फी आणि वसतिगृहाचा खर्च भागला. हा लेख ज्या वहीत लिहिते आहे ती वहीसुद्धा त्याच पाण्याची आहे. पुढच्याच उन्हाळ्यात खालच्या वस्तीचा हापसा मार्चमध्ये कोरडा पडला. पूर्वी तो मेपर्यंत चाले. आता तेथे टँकर येतो आणि बाया हंडे घेऊन रांगेत बसतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी बोअरपासून हापशापर्यंत पावले मोजली. तीनशेदेखील भरली नाहीत. महाराष्ट्रात १९९३ सालीच असा कायदा झाला होता, की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेऊ नये. हे आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून कुणी बोलले नाही. हापसा केवळ आमच्याच बोअरमुळे आटला असे मी म्हणत नाही, कारण तळ्याखाली आणखीही बोअर आहेत. परंतु त्यांत आमचे एक आहे.

एक निराळी वाट

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० नंतरच्या दशकात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेही दुष्काळातूनच उभे राहिलेले काम. त्यांचा नियम असा होता, की पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे. दर माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी. भूमिहीनांनाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही. हम्मुराबीने बांधाची जबाबदारी सांगितली, फडाने तोट्याची वाटणी शिकविली, महाडने हक्क मिळविला आणि पाणी पंचायतीने या सर्वांना आकड्यात बसविले असे मला वाटते.

हे सर्व मी घरी वडिलांना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "समदं खरं. मग तुझी फी कशातून भरू?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. इतिहासाच्या पुस्तकात राज्ये चुकतात, ते ओळखणे सोपे असते. आपले घर चुकते तेव्हा तसे सोपे नसते.

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "तळं एकट्यानं खांदलं नव्हतं, बाबा."

यंदा वडिलांनी उसाचा खोडवा ठेवला नाही. तेथे हरभरा पेरला आहे. बाकीचे बोअरवाले काय करतील हे ग्रामसभेत विचारायचे त्यांनी कबूल केले आहे, आणि तेथे फड पद्धतीची माहिती मी सांगावी असे त्यांचे म्हणणे आहे. एवढ्याने हापसा मेपर्यंत चालेल की नाही, हे मेमध्येच कळेल.

सरांच्या फळ्यावरील वाक्य चुकीचे नव्हते, हे मी आता जाणते. परंतु नदी ही संस्कृतीची सुरुवात असेल, तर तिची परीक्षा पाणी कमी पडते तेथे होते. धोलावीरात, इनामगावात, पांझरेच्या फडावर, चवदार तळ्याच्या काठी ती झाली. या मे महिन्यात ती आमच्या गावाच्या हापशावर आहे. ज्या गावाला नदी नाही त्या गावाने काय करायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे : साठवायचे, आणि ज्यांनी साठविले त्या सर्वांना मोजून वाटायचे.